आईबाबांच्या कपाटातले कागद लावायचे कसे?

एका लेकीचा प्रश्न असा आला आहे: "बाबा ७८ वर्षांचे, आई ७२ वर्षांची. डोंबिवलीत फ्लॅट, चिपळूणजवळच्या गावी घर आणि काकांबरोबर सामाईक जमीन. कागद लोखंडी कपाटात, पलंगाखालच्या बॅगेत आणि गावच्या पेटीत विखुरलेत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) तर सापडतच नाही. भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करून कागद टाकून देऊ. आई म्हणते, सगळ्याला लॅमिनेशन करून घे. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात बाबांपासून करा, कपाटाकडे नंतर वळा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी आणि महसुली कामं करतो. वारसनोंद, वाटप, खरेदीखत, जात पडताळणी हे रोजचं. माझ्याकडे लोक येतात ते बहुधा घरातलं माणूस गेल्यावर, हातात एक फुगलेली पिशवी घेऊन. पिशवीत कागदांना तोटा नसतो. तोटा असतो तो कुठला कागद कशाचा हे सांगणाऱ्या माणसाचा. एखाद्या पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला आकडा, कुणाला उसने दिलेल्या पैशांची चिठ्ठी, भावाभावांत तोंडी ठरलेली वाटणी, हे सगळं त्या माणसाबरोबर जातं. तुमचे बाबा समोर बसलेत, बोलताहेत. म्हणून आधी फाइली, लेबलं, प्लास्टिकची पाकिटं यातलं काहीही विकत आणू नका. एक वही घ्या आणि दुपारच्या चहाला त्यांच्याजवळ बसा.

"बाबा, सगळे कागद काढा" असं मात्र म्हणू नका. त्या वयाच्या माणसाला ते लागतं. साधं विचारा. पहिलं खातं कुठल्या बँकेत काढलं होतं? पगार कुठे जमा व्हायचा? पोस्टात काही ठेवलंय का? गावची घरपट्टी कोण भरतं? काकांशी वाटणी झाली ती तोंडी की कागदावर? एकेका प्रश्नातून दोन-तीन गोष्टी आपोआप निघतात. आईला वेगळं विचारा. बायकांच्या नावावरच्या पोस्टातल्या ठेवी आणि माहेरकडचे हक्क बऱ्याचदा नवऱ्यालाही नीट ठाऊक नसतात. आणि भावाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, फोनवर का होईना. मुलगी कागद हाताळते आहे म्हटल्यावर काही घरांत उगाच कुजबुज सुरू होते. प्रत्येक यादीची प्रत दोघांकडे गेली की ती जागीच थांबते.

मग पासबुकं काढा, बँकेत जाऊन ती आजच्या तारखेपर्यंत छापून आणा आणि गेल्या दोन-तीन वर्षांची प्रत्येक ओळ वाचा. मी हे अगदी आग्रहाने सांगतो, कारण पासबुक विसरत नाही. वर्षातून एकदाच कापली जाणारी विशिष्ट रक्कम दिसली तर ते लॉकरचं भाडं असू शकतं, मग किल्ली शोधा. मधेच कुठल्या कंपनीचे पन्नास-साठ रुपये जमा दिसले तर तो लाभांश, म्हणजे कुठेतरी जुने शेअर आहेत. तुमच्या आणि भावाच्या पासबुकातही पाहा: मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आणि २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा योजना. पहिलीत मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला दोन लाख. कितीतरी घरांत माणूस गेल्यावर हा दावा केलाच जात नाही, कारण वीस रुपयांच्या त्या ओळीकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

ज्या खात्यांचा पत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल २०२३ पासून आहे. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात, पण त्या बुडत नाहीत. मूळ बँकेकडे मागणी करून मिळतात.

या सगळ्यातून वहीत जी यादी तयार होईल, ते तुमच्या कामाचं हृदय. एका ओळीत एक गोष्ट: काय आहे, नंबर काय, कोणाच्या नावावर आणि नाव नेमकं कसं लिहिलंय, दुसरं नाव आहे का, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे ठेवलाय. पिन, पासवर्ड या यादीत लिहू नका. ही यादी एवढ्यासाठी की उद्या तुम्ही परगावी असलात आणि भावाला रात्री अकरा वाजता मेडिक्लेमचा कागद लागला, तर त्याने तुम्हाला न विचारता तो काढावा. मांडणीचा कस तिथे लागतो.

आता मांडणी. कागद प्रकाराने लावू नका, कामाने लावा. "ओळखपत्रं", "पावत्या", "बँक" अशा फाइली दिसायला छान दिसतात, पण सरकारी कचेरीत किंवा बँकेत एका कामाला पाच प्रकारचे कागद एकदम लागतात. म्हणून एका मालमत्तेची एक फाईल आणि एका माणसाची एक फाईल. फ्लॅटच्या फाइलीत करारनाम्यापासून ताज्या मेंटेनन्सच्या पावतीपर्यंत सगळं. बाबांच्या फाइलीत जन्माचा पुरावा, शाळेचा दाखला, पॅन, आधार, पेन्शनचे कागद, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर. आजारपणाची फाईल वेगळी, पातळ आणि हाताशी: चालू औषधं, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, विम्याचं कार्ड, बस्स.

फ्लॅटच्या फाइलीला वेळ द्या. करारनामा उघडा. प्रत्येक पानावर नोंदणी कार्यालयाचा शिक्का असतो: कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, वर्ष आणि एकूण पानांपैकी हे कितवं पान. ते आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवा. गहाळ झालेलं पान बहुधा नकाशाचं असतं, कारण कुणीतरी झेरॉक्ससाठी तेवढंच काढलेलं असतं. सोबत इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश), नोंदणी फीची पावती, ताबापत्र आहे का पाहा. फ्लॅट आधीच्या मालकाकडून घेतला असेल तर बिल्डरपासून बाबांपर्यंतचे सगळे करार लागतात. मधली एक कडी नसली तरी विकताना घेणाऱ्याची बँक अडून बसते. कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टी यादीत ठळक लिहा. मूळ दस्त उद्या हरवला तरी या तिघांवरून दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. त्या नसल्या तर शोध घेण्यातच महिने जातात.

फ्लॅटवर कर्ज होतं का? फिटलं असेल तर मूळ कागद परत आणले का? हे मी मुद्दाम विचारतो, कारण हप्ते संपल्याच्या आनंदात लोक बँकेत परत जातच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्याआधी फिटलेल्या कर्जाचे कागदही मागून घ्या. बेबाकी दाखला, म्हणजे आता काही येणं नाही असं बँकेचं पत्र, फाइलीत लावा. गावच्या जमिनीवर तिथल्या सेवा सहकारी सोसायटीचं पीककर्ज असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच लिहिलेला राहतो. पैसे फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही, अर्ज देऊन फेरफार (हक्कनोंदीतला बदल) करून घ्यावा लागतो.

गावच्या जमिनीचं म्हणाल तर ताजा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आधी काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कचेरीत चालतो. त्यात भोगवटादारांची, म्हणजे जमीनधारकांची, नावं वाचा. आजोबांचंच नाव अजून आहे का? बाबांच्या बहिणींची, म्हणजे तुमच्या आत्यांची नावं लागली आहेत का? कोकणात सामाईक जमिनीचा गुंता इथेच असतो: एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं आणि त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत कळवावी असं जमीन महसूल संहिता सांगते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचे दाखले गोळा करा आणि नोंदीला लागा. प्रत्येक पिढीगणिक दाखले मिळवणं अवघड होत जातं. बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार आणि सातबारे आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले सापडतात. तुमच्या घराण्याचा फेरफार मिळाला की तो छापून फाइलीत लावा, त्यात वंशावळ अर्धी लिहिलेली असते. घराला ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टी आकारणीचा) उतारा असेल. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, तरी घरपट्टीच्या पावत्यांसह जपा.

नावांचा घोळ हा एक स्वतंत्र आजार आहे. वहीत एक कोरं पान घ्या आणि बाबांचं नाव कुठल्या कागदावर कसं आहे ते एकाखाली एक लिहा. सातबाऱ्यावर घरगुती नाव, शाळेच्या दाखल्यावर पाळण्यातलं, पॅनवर आद्याक्षरं, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आईचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि लग्नात बदललेलं पहिलं नाव असे तीन अवतार असू शकतात. माणूस हयात असताना हे प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात नाव प्रसिद्ध करून किंवा नुसता दुरुस्तीचा अर्ज देऊन सुटतं. नंतर "हे दोघे एकच" हे सिद्ध करायला वारसांना धावाधाव करावी लागते. कागदपत्रांच्या सगळ्या कामात मला यापेक्षा मोलाचं काम दुसरं दिसत नाही, आणि ते कुणी करत नाही.

गावच्या पेटीला हात लावाल तेव्हा जपून. त्यात आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल, त्यावर जातीचा रकाना असतो. तो कागद घरातल्या कुठल्याही मुदतठेवीपेक्षा मोलाचा ठरू शकतो. जात पडताळणीत ठरावीक दिनांकाच्या आधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातवंडांच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ होते ती याच एका दाखल्यासाठी. मोडीत लिहिलेला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि ते मूळ कागदाजवळ ठेवा. एकाच आजोबांचे वारस बरेच असतात, तेव्हा या कागदाचे स्कॅन चुलत भावंडांनाही पाठवा. मूळ कागद कुणाकडे आहे हे यादीत लिहा.

भावाच्या सूचनेबद्दल. स्कॅन जरूर करा, पण मूळ टाकून देण्यासाठी नव्हे. मूळ दस्त, मृत्युपत्र, शेअर सर्टिफिकेट, जुने दाखले यांना स्कॅन पर्याय होत नाही. डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कपाटातही फरक समजून घ्या: सरकारी खात्याकडून थेट तिथे आलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो, आपण फोटो काढून चढवलेला कागद नुसती प्रत राहतो. स्कॅनच्या फाइलीला नाव देताना आधी माणूस, मग कागद, मग वर्ष असं द्या, म्हणजे शोधताना सगळं एकत्र येतं. एक संच तुमच्याकडे, एक भावाकडे. कुणाला आधारची झेरॉक्स द्याल तेव्हा तिच्यावर तारीख आणि "अमुक कामासाठी" असं लिहून सही करा. आणि झेरॉक्सच्या दुकानातून निघताना यंत्राच्या काचेवर मूळ कागद राहिला नाही ना, हे झाकण उचलून बघा; हरवलेले कितीतरी कागद तिथेच राहिलेले असतात.

आईच्या सूचनेला मात्र माझा स्पष्ट नकार. लॅमिनेशन म्हणजे कागदाचा श्वास कोंडणं. उष्णतेने शाई फिकटते, शिक्क्याचा उठाव दबतो, मागे नवा शेरा किंवा शिक्का मारता येत नाही आणि परदेशासाठी साक्षांकनाला दिलेला दाखला लॅमिनेट केलेला असला तर परत येतो. शेअर सर्टिफिकेटच्या मागेच हस्तांतराच्या नोंदी होतात, त्याला तर मुळीच नको.

आमच्याकडच्या पावसात कागद कसे मरतात ते रोज पाहतो. टाचण्या आणि यू-पिना गंजून कागदाला तांबडं भोक पाडतात, त्या काढून टाका. रबर वितळून चिकटतं, सेलोटेप पिवळी पडून अक्षरं खाते. स्वस्त, चिकट प्लास्टिकच्या पाकिटात छापील शाई पाकिटाला लागते. दस्त साध्या कागदी पाकिटात घालून मग फाइलीत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि तळाच्या कप्प्यात दस्त ठेवू नका. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यावरची कपाटं पाण्याखाली गेली, त्यानंतरच्या दिवसांत लोक चिखलाचे गोळे घेऊन आले होते आणि ते खरेदीखत होतं. कागद भिजलाच तर पानं ओढून सुटी करू नका, उन्हातही टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद किंवा पांढरा सुती कपडा घालून सावकाश सुकवा. फारच असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलेत तरी बुरशी थांबते आणि सवडीने एकेक काढता येतो. थर्मल कागदावरच्या पावत्या पुरात नव्हे, नुसत्या कपाटातही कोऱ्या होतात. त्यांची लगेच झेरॉक्स काढा.

नॉमिनी आणि मृत्युपत्र यांबद्दल थोडक्यात, पण हे वगळू नका. बँकेतल्या ठेवीचा किंवा सोसायटीतला नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. तरीही नॉमिनी लावलेला असावाच, नाहीतर पैसे अडकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. जुन्या खात्यांवर बाबांनी लग्नाआधी आजीचं नाव लावलेलं असेल आणि ते कधी बदललंच नसेल, ते तपासा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेतच. ते एकट्या बाबांच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका: लॉकरला नॉमिनी नसेल तर तो उघडायला वारसांची सिद्धता लागते आणि त्याबद्दल जे लिहिलंय ते आत बंद असतं. घरात ठेवायचं नसेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे जमा करायची सोय नोंदणी कायद्यात आहे.

टाकायचं काय? विजेची सगळी बिलं नकोत, सर्वांत जुनं एक आणि अलीकडची वर्षभराची पुरेत; जुन्या बिलावरून जोडणी कधीची हे कळतं. एटीएमच्या चिठ्ठ्या, मुदत संपून पैसे मिळालेल्या पॉलिसी, बंद झालेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं काढून टाका. आयकराचे कागद आठ वर्षांचे ठेवले तर निर्धास्त. पण फ्लॅटच्या खरेदीचे आणि त्यात केलेल्या मोठ्या बांधकामाचे कागद घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं ठेवा, कारण भांडवली नफा मोजताना खरेदी किंमत आणि सुधारणेचा खर्च पुराव्यानिशी दाखवावा लागतो. नावपत्ता असलेला कागद रद्दीवाल्याला देण्याआधी फाडा. बाबांना दाखवल्याशिवाय मात्र त्यांचा एकही कागद टाकू नका.

आता शेअर सर्टिफिकेट. आधी कर्ज दिलेल्या बँकेला विचारा. कर्जाच्या फाइलीत ते बऱ्याचदा असतं. मग सोसायटीच्या सचिवांना. हस्तांतराच्या नोंदीसाठी दिलेलं सर्टिफिकेट कार्यालयाच्या कपाटात पडून राहिल्याचंही मी पाहिलंय. काही सोसायट्यांनी ते दिलेलंच नसतं. सभासद नोंदवहीत बाबांचं नाव आणि भागांचे (शेअरचे) क्रमांक पाहून ते यादीत उतरवा, मालकीला धक्का लागलेला नाही याची तिथेच खात्री होईल. खरंच हरवलं असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत घ्या, मुद्रांकावर हमीपत्र करा, सोसायटी सांगेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि दुय्यम सर्टिफिकेटसाठी लेखी अर्ज करा. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. नवीन सर्टिफिकेट हातात येईपर्यंत ती पोच फ्लॅटच्या फाइलीत सर्वांत वर लावून ठेवा.